वायरचा अलार्म की बिनतारी? सांभाळायला कोणता सोपा

रात्री पावणेतीनला कीपॅड मिनिटामिनिटाला टुकटुकायला लागतो, आपण डोळे चोळत त्याच्यासमोर जाऊन उभे राहतो, आणि घरातल्या दोन प्रकारच्या चोर-अलार्ममधला फरक तेव्हा नीट कळतो. बिनतारी पॅनेल (अलार्मची मुख्य पेटी) सांगतं, ‘मागची खिडकी, बॅटरी कमी’. वायरचं पॅनेल म्हणतं, ‘झोन ४’. बस्स, एवढंच. झोन म्हणजे पॅनेलला जोडलेला घराचा एक भाग; त्या झोन ४ मध्ये तीन खिडक्या एकाच लूपमध्ये, म्हणजे वायरच्या एकाच फेऱ्यात, ओवलेल्या असतात, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते आपणच शोधायचं.

मी दोन्ही सांभाळले आहेत, आधीच्या घरात वायरचा, आताच्या घरात बिनतारी. सायरन किती कर्कश आहे, ॲप कसं दिसतं, यावर इथे बोलत नाही. पहिल्या वर्षी दोन्ही गुण्यागोविंदाने चालतात. निवड करायची ती चौथ्या-पाचव्या वर्षाकडे बघून.

वायरचा: बिघाड कमी, पण शोधाशोध आपली

ऑगस्टस पोप यांनी अमेरिकेत १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे वायर तुटली असती तर घंटा गप्पच! आजची जोडणी बहुधा उलटी असते. दार बंद असताना लूप जुळलेला, दार उघडलं किंवा वायर तुटली की लूप तुटतो. त्यामुळे उंदराने वायर कुरतडली तरी पॅनेलला ते कळतं. कुठे कुरतडली, ते मात्र कळत नाही.

शोधायची रीत एकदा हातात बसली की सोपी आहे. पॅनेलमधून त्या झोनच्या दोन्ही वायर सोडवा आणि त्या टर्मिनलवर लूपच्या टोकाला असतो तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) थेट लावा. तक्रार गेली, तर पॅनेल निर्दोष, दोष वायरमध्ये किंवा सेन्सरमध्ये. मग सोडवलेल्या वायरवर मल्टीमीटर (ओहम, व्होल्ट मोजणारा मीटर) लावा. लूपच्या टोकाला ५.६ किलोओहमचा एकच रेझिस्टर असेल, तर सगळी दारं बंद असताना तेवढाच आकडा दिसायला हवा. काहीच दिसलं नाही तर लूप कुठेतरी तुटलाय, शून्याजवळ दिसलं तर वायर एकमेकींना चिकटल्यात. मग लूपच्या मधल्या खिडकीपाशी जोड उघडून अर्धा भाग तपासायचा, मग त्याचा अर्धा. घरातलं कुणी एक-एक दार हलवत असेल आणि आपली नजर मीटरवर असेल, तर सैल झालेला स्क्रू आकडा नाचवून स्वतःच हजेरी देतो.

माझ्याकडे एक वेगळंच निघालं. अलार्म बसवणाऱ्याने सगळे रेझिस्टर दारांपाशी न लावता पॅनेलच्या पेटीतच एका रांगेत लावून ठेवले होते. दिसायला सुबक काम. पण अशा जोडणीत मधे कुठे वायर चिकटल्या तरी पॅनेलला आकडा बरोबरच दिसतो. दार सताड उघडं आणि झोन ‘ठीक’! सहा वर्षं पुढचं दार असंच रामभरोसे होतं, आणि मी रोज रात्री निष्ठेने कोड दाबून झोपत होतो. वायरचा अलार्म आयता मिळत असेल, तर पेटी उघडून आधी हे बघा.

दुसरं दुखणं म्हणजे पेटीतली १२ व्होल्टची, बहुधा ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. ती तीन ते पाच वर्षं चालते आणि जाताना फारसा गाजावाजा करत नाही. वीज असताना चार्जर तिला साडेतेराच्या वर व्होल्टवर धरून ठेवतो, म्हणून मीटरला ती ठणठणीत वाटते. खरी परीक्षा वीज काढून. तास-दोन तास थांबा, सायरन वाजवा आणि वाजतानाच व्होल्टेज बघा. १२ च्या बरंच खाली घसरलं तर बदला. पॅनेल आणि सेन्सर मिळून ३०० मिलिअँपिअर ओढत असतील, तर ७ अँपिअर-अवर कागदावर तेवीस तास पुरतात. मी बदललेली जुनी बॅटरी पाऊण तासही टिकली नव्हती. नवी बसवताना तिच्यावर मार्करने तारीख लिहा, इतकं सोपं काम कुणीच करत नाही.

बिनतारी: शोध सोपा, पण कॅलेंडर सांभाळा

इथे वायर नाही, म्हणून तुटायलाही काही नाही. त्याऐवजी दहा-बारा सेन्सर आणि प्रत्येकाच्या पोटात एक सेल. सेल बहुधा लिथियमचे, सीआर १२३ ए किंवा सीआर २०३२. वापराप्रमाणे दोन ते पाच वर्षं जातात, पण पुढच्या दाराचा सेन्सर दिवसात वीस वेळा बोलतो आणि माळ्याच्या खिडकीचा महिन्यातून दोनदा, त्यामुळे सगळे एकदम कधीच संपत नाहीत. लिथियमची खोड अशी की व्होल्टेज शेवटपर्यंत ताठ राहतं आणि मग एकदम कोसळतं. ‘बॅटरी कमी’ आलं की आठवडाभर कानाडोळा करायची सोय नाही. मी आता सरसकट दर दोन वर्षांनी सगळे सेल बदलतो. थोडे वाया जातात, पण झोप शाबूत राहते. सेन्सर पेन्सिल सेलवर चालत असेल तर त्या जागी चार्ज होणारे घालू नका. त्यांचं व्होल्टेज मुळातच १.२, पॅनेल पहिल्या दिवसापासून रडत बसतं.

नवा सेल घालूनही तक्रार गेली नाही तर घाबरू नका. सेन्सरचं झाकण उघडताच टॅम्पर (छेडछाडीचा इशारा) लागतो, त्यामुळे पॅनेल आधी टेस्ट मोडवर टाका. सेल काढून मिनिटभर थांबा, नवा घाला, झाकण नीट बसवा आणि दार एकदा उघडून बंद करा. सेन्सरने नवा निरोप पाठवल्याशिवाय जुनी नोंद बऱ्याचदा पुसली जात नाही.

सेन्सर ‘हरवला’ असं पॅनेल म्हणालं, तर तो काढून पॅनेलच्या शेजारी आणा. तिथे चालला, तर सेन्सर शहाणा आहे, दोष वाटेतला. आमच्याकडे स्टीलचं कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला सरकवलं आणि न्हाणीघराची खिडकी रोज रात्री गायब व्हायला लागली. कपाट फूटभर सरकवल्यावर परत आली. वायरच्या अलार्मला कपाटाचं काहीच देणंघेणं नसतं.

एक गोष्ट मला बिनतारीत खटकते. सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतात, आणि तो निरोप काही तास आला नाही तरच पॅनेल बोंब मारतं. म्हणजे दुपारी मेलेला सेन्सर कदाचित रात्री कळेल. वायर तुटली तर पॅनेलला त्याच क्षणी कळतं.

दोन्हीकडे सारखंच

हालचाल टिपणारे सेन्सर वायरचे असोत वा बिनतारी, कोळी दोघांच्याही भिंगावर चालतो. कोळ्याने कधी अलार्म वाजवला की लोक पॅनेल बदलतात, खरं तर कापडाने पुसायचं असतं. हे सेन्सर हलणारी उष्णता बघतात. त्यामुळे ऊन थेट पडणारी जागा किंवा गरम हवेने हलणारा पडदा समोर नको, आणि खोलीच अंगाइतकी तापली तर त्यांना माणूस अंधुक दिसतो. दाराचं चुंबक आणि चौकटीवरचा रीड स्विच (चुंबक जवळ आलं-गेलं की चालू-बंद होणारा) यांत दार बंद असताना अंतर वाढलं की खोटे अलार्म येतात. ओलाव्याने फुगलेली लाकडी दारं यात पटाईत.

मग घ्यावा कोणता

भिंतीत वायर आधीच असेल तर ती काढू नका. सेन्सर कोणत्याही कंपनीचे चालतात, कारण लूपला ब्रँड कळत नाही. पॅनेलच जुनाट झालं असेल तर जुन्या वायरचे झोन नव्या बिनतारी पॅनेलला जोडून देणारी पेटी मिळते. माझ्या मते बहुतेक जुन्या घरांना हाच मध्यममार्ग लागू पडतो.

वायर नसेल, घर भाड्याचं असेल किंवा घरात मल्टीमीटर हातात धरणारं कुणी नसेल, तर बिनतारी. पण त्याचे सेन्सर त्याच कंपनीच्या रेडिओला बांधलेले असतात, तेव्हा दहा वर्षांनी सुटा सेन्सर मिळेल का, हे आज विचारा.

मोबाइल नेटवर्कवरून खबर देणारा भाग दोन्हीत असू शकतो आणि तो वेगळाच म्हातारा होतो. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणाऱ्या अलार्मना तो भाग बदलावा लागला. नीट चालणारं पॅनेल, पण बाहेर फोन लागत नाही.

आणि काहीही घेतलंत तरी इन्स्टॉलर कोड (पॅनेलच्या सेटिंग बदलायचा कोड) मागून घ्या. माझ्या वायरच्या पॅनेलचा कोड बसवणाऱ्याने दिलाच नव्हता. झोनला नाव द्यायचं तरी त्याला बोलवा. शेवटी पॅनेल फॅक्टरी सेटिंगवर आणून सगळे झोन हाताने भरले, रविवार गेला. कोड हातात आला आणि तुमच्यासमोर कीपॅडवर चालला, की मग उरलेले पैसे द्या.