दरफलक आणि पावती: आमच्या गावच्या सेवा केंद्राबद्दल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी एसटी थांब्यासमोरच्या एका खोलीत ‘आपले सरकार’ सेवा केंद्र चालते. माझ्या मिनी डाळ मिलची कागदपत्रे मी गेल्या वर्षी तिथूनच करून घेतली. या केंद्राची जमेची बाजू म्हणजे दारालगतचा दरफलक. कोणत्या कामाला किती शुल्क, किती दिवस आणि कोणते कागद, हे तिथे लिहिलेले आहे आणि प्रत्येक अर्जाची पावती क्रमांकासह मिळते.

याचे मला एवढे अप्रूप का, हे सांगायला हवे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले डाळीचे यंत्र घेऊन मी धंदा सुरू केला, पण कित्येक वर्षे मिलवर पाटी लावली नाही. तालुक्याचे किराणा व्यापारी बिल मागत, म्हणून त्यांना माल देण्याचे मी टाळले आणि तुरीच्या हंगामात काम हाताबाहेर जात असतानाही दुसरे यंत्र घेतले नाही. लोकांना वाटे, हा कर चुकवतो. वस्तूंच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये असताना माझ्यासारख्याला त्या कराची धास्ती असण्याचे कारणच नव्हते. भीती होती ती वरच्या पैशांची, कारण कराचा आकडा आधी कळतो आणि वरच्या पैशांचा कळत नाही. पूर्वी एका कार्यालयात एका कागदासाठी पाच चकरा मारल्यावर बाहेर बसलेल्या दलालाने रक्कम सांगितली होती. पुढच्या वर्षी ती दुपटीवर गेली, कारण दरम्यान माझ्या मिलवर टिनाचे पक्के शेड उभे राहिले होते. युगांडातील उद्योगांच्या पाहणीवरून याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली हेच मांडले, की लाचेची रक्कम उद्योगाची देण्याची ऐपत पाहून ठरते. मग ऐपत दिसू न देणे हाच शहाणपणा ठरतो आणि धंदा वाढत नाही. पेरूची राजधानी लिमा येथे हर्नांडो डी सोटो यांच्या सहकाऱ्यांनी शिवणकामाचा एक लहान कारखाना कायदेशीर नोंदवून पाहिला, तेव्हा त्यांना २८९ दिवस लागले. तिथले हजारो लोक विनानोंदणी धंदा का करत, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता केंद्राबद्दल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, अर्ध्या तासात झाली. तिला सरकारी शुल्क नाही, हे केंद्र चालवणाऱ्या ताईंनी स्वतःहून सांगितले आणि फक्त केंद्राचा फलकावरचा दर घेतला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते, हेही मला तिथेच कळले. त्याआधी ‘गुमास्ता (दुकानाचा परवाना) काढून देतो’ म्हणून एकाने माझ्याकडून चांगलेच पैसे घेतले होते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे मालमत्तेच्या कर आकारणीच्या, उताऱ्यासाठी मात्र मुदत टळली. तेव्हा ताईंनी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालील अपील भरून दिले. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. उतारा चौथ्या दिवशी हाती आला, आणि तोही कुणाचे हात ओले न करता.

उणिवाही आहेत. वीज गेली की काम थांबते, सर्व्हर दुपारी रडतखडत चालतो आणि बाजाराच्या दिवशी, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे गावात येतात नेमके त्याच दिवशी, इतकी गर्दी होते की म्हातारी माणसे कंटाळून परत जातात. वजनकाट्याच्या पडताळणीसाठी अजूनही तालुक्यालाच जावे लागते. शिवाय अपील कुणाकडे करायचे, हे फलकावर लिहिलेले नाही; ते विचारल्यावरच कळते, आणि विचारणारे थोडे असतात. ती एक ओळ वाढवण्याची विनंती मी ताईंना लेखी दिली आहे.

दिवाळीनंतर मी मिलवर पाटी लावली. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते. त्यातून दुसरे यंत्र घेण्यासाठीचा अर्जही मी याच खोलीतून भरला असून त्याची पावती माझ्याजवळ आहे.