आफ्रिका सात-आठ जणांत: आपली गाडी, भाड्याची गाडी की ट्रक?

ग्रुप जमला, भिशीत पैसे साठले आणि आफ्रिका रस्त्यानं करायची ठरली, की पहिला वाद नकाशावर होतो. कुणीतरी ‘कैरो ते केपटाऊन’ म्हणतोच. हा वाद लगेच मिटतो. एप्रिल २०२३ पासून सुदानमध्ये युद्ध पेटलंय, त्यामुळे इजिप्तमधून सरळ खाली उतरायचा रस्ता घरच्या माणसांना घेऊन जाण्यासारखा राहिलेला नाही. उरतो नैरोबीच्या खालचा भाग, आणि तोही एका सुट्टीत संपणारा नव्हे. डोकं लावायचं ते कशातून जायचं यावर: आपली एमएच-१० पासिंगची गाडी बोटीनं पाठवायची, तिकडं भाड्यानं घ्यायची, की ओव्हरलँड ट्रकमध्ये, म्हणजे प्रवासी घेऊन देशोदेशी फिरणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये, सीट धरायची.

सांगली-मिरजेत ज्याच्या दारात फॉर्च्युनर आहे त्याला पहिला पर्याय सोडून दुसरं काही सुचत नाही. त्याचं अगदीच चूक नाही. मुंबईहून केनियातल्या मोम्बासा बंदराला कंटेनरनं गाडी जाते. केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडं आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. रवांडात शिरलात तरच बाजू बदलते. पण त्याआधी कार्नेट काढावं लागतं. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट: वर्षभराची मुदत, त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं बँक गॅरंटी, आणि प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना शिक्का. एक शिक्का राहिला तर ‘गाडी तिकडंच विकली’ असा संशय आपल्यावर, आणि गॅरंटी अडकते.

दुसरी अडचण शोरूमवाला सांगत नाही. २०२० नंतरची आपली डिझेल गाडी बीएस-६ आहे. तिला १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचं डिझेल लागतं. पूर्व आफ्रिकेनं २०१५ मध्ये ५० पीपीएम आणलं, दक्षिण आफ्रिकेत पंपावर ५०० पीपीएमचंही मिळतं. अशा डिझेलवर हजारो किलोमीटर धावल्यावर धूर गाळणारा फिल्टर कुरकुरायला लागला, तर तो मेकॅनिक झांबियात कुठं शोधणार? शिवाय आठ माणसं, तंबू, पाणी, स्टेपन्या एका गाडीत मावत नाहीत. दोन गाड्या म्हणजे दोन कंटेनर, दोन कार्नेट. नवरा-बायको दोघंच आणि हाताशी सहा-आठ महिने असतील तर आपली गाडी जरूर न्यावी. ग्रुपनं तिच्या नादी लागू नये.

भाड्याच्या गाडीचं गणित वेगळं आहे. नामिबियाची राजधानी विंडहूक किंवा जोहान्सबर्गला डबल कॅब हायलक्स पिकअप मिळते, आणि तिच्यासोबत अख्खा संसार: टपावर उघडणारे दोन तंबू, फ्रीज, गॅस, भांडी, घडीच्या खुर्च्या, दोन स्टेपन्या. सीट पाच असल्या तरी झोपायला जागा चौघांचीच, म्हणून आठ जणांना दोन गाड्या. बोट्सवानात किंवा झांबियात जायचं असेल तर कंपनीचं सीमा ओलांडायचं पत्र बुकिंगच्या वेळीच मागून घ्या, ऐनवेळी मिळत नाही. आपल्या बाजूनं आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं की झालं.

मी नामिबियाच्या बाजूचा. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, आणि माणसं जेमतेम ३० लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत शेजारच्या सातारा जिल्ह्याची होती तेवढीच. ट्रॅफिक नाही, पण रस्ते बहुतेक खडीचे. तिथं टायरमधली हवा थोडी कमी करून ऐंशीच्या आत चालवायचं, कारण सैल खडीवर वळणात ब्रेक दाबला की गाडी उलटते. भाड्याच्या कितीतरी इन्शुरन्समध्ये उलटलेली गाडी आणि रात्रीचं ड्रायव्हिंग बसत नाही. बारीक अक्षर वाचूनच सही करा. दोन गाड्यांत अर्धा-एक किलोमीटर अंतर लागतं, नाहीतर मागची गाडी दिवसभर पुढचीच्या फुफाट्यात. म्हणजे ‘सगळे एकत्र’ हे प्रवासात फक्त चहाला आणि मुक्कामाला.

आता शिडी. टपावरच्या तंबूला ॲल्युमिनियमची उभी शिडी असते, पायरी पावलाच्या निम्म्या रुंदीची. संध्याकाळी सगळे हौसेनं चढतात. पण पहाटे तीनला, गार पडलेल्या त्या पायऱ्यांवरून, टॉर्च दातात धरून, उलटं उतरायचं असतं. गुडघ्याचं दुखणं असलेले अण्णा किंवा मावशी ग्रुपमध्ये असतील तर त्यांच्यासाठी जमिनीवरचा तंबू किंवा कॅम्पातली खोली आधीच धरा. नामिबियातल्या इटोशा अभयारण्यात ओकाउकुएजो कॅम्पला तर खोली घ्यावीच. तिथल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, समोर गेंडा येऊन पाणी पितो, आणि मावशींना शिडी न चढता तो बघता येतो.

ट्रकचा हिशेब थोडक्यात. नैरोबी ते केपटाऊन साधारण आठ आठवडे, त्यातले छोटे टप्पेही मिळतात. वीस-बावीस प्रवासी, जास्तीत जास्त युरोप-ऑस्ट्रेलियाकडची तरुण मंडळी. तंबू आपला आपण ठोकायचा, स्वयंपाकाची पाळी येते, आणि तिकिटाशिवाय वाटखर्चाचे डॉलर वेगळे भरायचे. सीमा, कागद, पंक्चर ही डोकेदुखी ड्रायव्हरची. एकटा-दुकटा असेल, गाडी चालवायची नसेल, तर यापेक्षा स्वस्त आणि बिनघोर काही नाही. पण आठ जण एका ताटात जेवणारे असतील तर वेळापत्रक दुसऱ्याचं, चव दुसऱ्याची, आणि पहाटे पाचला तंबू गुंडाळायचा. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी रुसणारच.

पूर्व आफ्रिकेत मात्र मी स्वतः चालवायला सांगणार नाही. तिथं स्थानिक ड्रायव्हरसकट, वरून उघडणारी लँड क्रूझर घ्यावी. जनावर कुठं आहे हे त्याला रेडिओवर कळतं, आपल्याला नाही. खर्चाची कल्पना असू द्या: केनियातल्या मसाई मारात २०२४ पासून जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे २०० डॉलर नुसते प्रवेशाचे लागतात, जूनपर्यंत १००. आठ जणांनी गुणून बघा. तेवढ्यात इटोशात कितीतरी जास्त दिवस निघतात. केनिया, युगांडा, रवांडाचा एकत्र व्हिसा १०० डॉलरला मिळतो. टांझानियाचा वेगळा काढावा लागतो.

महिना कोणता, यात आपल्याकडच्यांची सोय आहे. जून-जुलैत तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्ष बागायतदारांची एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबर छाटणी लांब असते, बागेवर घरचं माणूस ठेवून निघता येतं. तिकडं तोच कोरडा हंगाम: गवत वाळलेलं, जनावरं पाणवठ्यावर, डास कमी. व्हिक्टोरिया धबधबाही जून-जुलैत भरलेला असतो, ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूला नुसता कातळ दिसतो. नामिबियात जुलैच्या रात्री शून्याच्या आसपास जातात, स्वेटर लागतो. आणि ऑगस्टमध्ये तिकडं बसून सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पुराची पातळी मोबाईलवर बघायची नसेल तर जूनमध्येच निघा.

तिन्ही पर्यायांना लागू असलेल्या दोन-तीन गोष्टी. केनिया-युगांडा करून परतताना यलो फिव्हरचं कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रावरच मिळते, दहा दिवसांनी लागू होते आणि मग जन्मभर चालते. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरा, कॅरीबॅगमध्ये नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. मलावी सरोवराचं पाणी कितीही निळं दिसलं तरी त्यात बिल्हार्झियाचा जंत आहे. त्सेत्से माशीच्या भागात निळे-काळे कपडे घालू नका, ती त्यांच्यावरच येते.

आठ जणांत मनापासून गाडी चालवणारे चार तरी निघतात का, हे बुकिंगआधी मोजा. प्रत्येकाचं नाव करारात लागतं. ‘लागलं तर मी आहेच’ म्हणणारे यात धरू नका. दोनच निघाले तर विंडहूकचा बेत सोडून ट्रकचा छोटा टप्पा घ्या, किंवा ड्रायव्हरसकटची लँड क्रूझर.