पोंटप्रीद म्युझियम आणि लँट्रिसंट : एका विक्षिप्त डॉक्टरच्या मागावर दिवसभर

साउथ वेल्सच्या खाणगावात वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाला लहानपणाबद्दल विचारा, खाणीच्या आधी तो गल्लीतल्या वल्लींवर येतो. तिथे आडनावं मोजकी. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स, विल्यम्स. मग दूध घालणारा ‘जोन्स द मिल्क’ होतो, पाव विकणारा ‘डाय द ब्रेड’. आपल्याकडे एका गावात दहा पाटील असले की ‘वरच्या आळीतले’ आणि ‘चक्कीवाले’ होतात, तसंच. या सगळ्या वल्लींचा मूळपुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे डॉ. विल्यम प्राइस (१८०० ते १८९३). कार्डिफहून एका दिवसात त्याच्या खुणा नीट पाहता येतात. ब्रिटनमध्ये मुलांकडे आलेल्या आईवडिलांना किल्ले दाखवून झाले असतील, तर पुढचा दिवस याला द्यावा.

सुरुवात पोंटप्रीदपासूनच करा. बरेच जण थेट लँट्रिसंट गावातला प्राइसचा पुतळा गाठतात आणि तिथेच फसतात. पुतळ्यात डोक्यावरचं कोल्ह्याचं कातडं आणि पसरलेले हात दिसतात, त्यामागची कारणं दिसत नाहीत. कार्डिफ सेंट्रलहून पोंटप्रीदला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. नावातला शेवटचा उच्चार ‘ड’ नाही, ‘द’कडे झुकणारा आहे. मराठी जिभेला तो सोपा जातो. स्थानिक लोक नुसतं ‘पोंटी’ म्हणतात.

स्टेशनवरून टॅफ स्ट्रीट धरून सरळ चालत गेलं की जुन्या पुलाच्या टोकाला म्युझियम लागतं. इमारत १८६१ची, आधी चॅपल म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर होतं. आतला पाइप ऑर्गन आणि रंगवलेलं छत वर मान करून पाहा. प्रवेश फुकट आहे. आठवड्याचे सगळे दिवस मात्र उघडं नसतं, त्यामुळे निघण्याआधी वेळ तपासा. दीड तास पुरतो. वेल्सचं राष्ट्रगीत १८५६मध्ये याच गावातल्या बापलेकांनी रचलं, त्याची माहितीही इथे मिळते. पण जास्त वेळ द्यावा तो उद्योगाच्या भागाला, विशेषतः ब्राउन लेनॉक्सच्या साखळी कारखान्याला. जहाजांच्या नांगराच्या अजस्र साखळ्या तिथे बनत. १८२३मध्ये या कारखान्याच्या कामगारांनी स्वतः निवडून प्राइसला डॉक्टर नेमलं. पगारातून थोडे पैसे द्यायचे आणि आजारी पडल्यावर उपचार घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. ही गोष्ट आधी कळली, की पुढचा विक्षिप्तपणा वेगळा दिसतो.

कारण प्राइसच्या बहुतेक तऱ्हांच्या मुळाशी काही ना काही विचार होता. मोजे अस्वच्छ, म्हणून तो ते घालत नसे. नाणी हजार हातांतून फिरतात, म्हणून धुऊन घेई. तंबाखू सोडायला तयार नसलेल्या रोग्याला तपासत नसे, आणि गोळ्यांऐवजी शाकाहार सांगे. लसीकरणालाही त्याचा विरोध होता, आणि तिथे तो साफ चुकला. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत तो पुढारी होता. १८३९मध्ये त्या चळवळीचा न्यूपोर्टचा उठाव फसल्यावर बाईचा वेष करून तो फ्रान्सला निसटला.

शेजारचा जुना पूल पाच मिनिटांत उरकू नका. विल्यम एडवर्ड्स या गवंड्याने तो १७५६मध्ये उभा केला. एकच कमान, गाळा १४० फुटांचा. आधीची कमान कोसळली ती दोन्ही बाजूंच्या भरावाच्या वजनाने माथा वर ढकलला गेल्यामुळे. मग त्याने दोन्ही खांद्यांमध्ये तीन-तीन गोल भोकं ठेवून ते वजन कमी केलं. पूल टिकला, पण चढ इतका तीव्र की गाड्या चढेनात, म्हणून १८५७मध्ये अगदी खेटून दुसरा पूल बांधावा लागला. भोकं पुलावरून दिसत नाहीत, त्यासाठी नदीकाठच्या पार्कमध्ये उतरावं लागतं.

खायला मार्केटमधले गरम वेल्श केक घ्या. मैदा, बेदाणे आणि मसाल्याच्या छोट्या चकत्या लोखंडी तव्यावर भाजतात. त्यात अंडं असतं आणि पारंपरिक कृतीत डुकराची चरबी पडते. शाकाहारी असाल तर लोणी वापरलंय की चरबी, हे विचारूनच घ्या.

कोएडपेनमाइनच्या माळावर एक डुलणारी शिळा आहे. प्राइस तिथे ड्रुइडांचे, म्हणजे ब्रिटनमधल्या प्राचीन केल्टिक पुरोहितांचे, विधी करी. चढ दमवणारा आहे, गुडघे दुखत असतील तर सोडून द्या. ग्लिनटॅफची दोन गोल घरं मात्र चुकवू नका. ट्रेफॉरेस्ट स्टेशनवरून चालत जाता येतं. ड्रुइडांच्या भव्य वास्तूचं प्रवेशद्वार म्हणून प्राइसने ती बांधायला घेतली. जमीन त्याची नव्हती, त्यामुळे प्रवेशद्वाराच्या पुढे काही उभं राहिलंच नाही. आज तिथे लोक राहतात, रस्त्यावरूनच पाहा. ग्लिनटॅफमध्येच वेल्सचं पहिलं दहनगृह १९२४मध्ये सुरू झालं.

आता लँट्रिसंट. गाव टेकडीवर आहे आणि त्याच नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत, नाण्यांची टांकसाळ आणि हॉस्पिटल खाली आहे. फोनच्या नकाशात नुसतं गावाचं नाव टाकलं तर खाली उतरून बसाल. ‘बुल रिंग’ टाका. पुतळा त्याच चौकात आहे, १९८२पासून.

जानेवारी १८८४मध्ये प्राइसचं पाच महिन्यांचं मूल गेलं. त्याचं नाव त्याने ‘येशू ख्रिस्त’ ठेवलं होतं, गाव आधीच त्यावरून बिथरलेलं. रविवारी संध्याकाळी, लोक चॅपलमधून बाहेर पडत असताना, ८३ वर्षांच्या बापाने टेकडीवर मुलाला अग्नी दिला. जमावाने देह आगीतून ओढून काढला आणि पोलिसांनी प्राइसला पकडलं. कार्डिफच्या न्यायालयात त्याने मांडलं, की दहन कायदेशीर आहे असं कुठे लिहिलेलं नसेल, पण गुन्हा आहे असंही लिहिलेलं नाही. न्यायमूर्ती स्टीफन यांनी ते मान्य केलं. लोकांना उपद्रव होत नसेल आणि मृत्यूची चौकशी टाळण्यासाठी केलेलं नसेल, तर दहन हा गुन्हा नाही. हे तेच जेम्स फिट्झजेम्स स्टीफन, ज्यांनी १८७२चा भारतीय पुरावा कायदा तयार केला. मार्चमध्ये प्राइसने मुलाचं दहन पुरं केलं. ब्रिटनचा दहनाचा कायदा १९०२मध्ये आला. आज तिथल्या मराठी घरातलं माणूस गेल्यावर त्याला अग्नी देता येतो, त्या वाटेवरचं एक मोठं वळण हे आहे. पुतळ्यासमोर उभं राहताना एवढं माहीत असायलाच हवं.

१८९३मध्ये प्राइसचं स्वतःचं दहन याच टेकडीवर दोन टन कोळशावर झालं आणि सुमारे वीस हजार माणसं ते पाहायला जमली.

चौकाजवळच्या गिल्डहॉलमध्ये गावाचा जुना इतिहास मांडला आहे, मुख्यतः १३४६च्या सनदेपासूनचा. प्राइससाठीच आला असाल तर अर्धा तास पुरे. रस्ते दगडी आणि उताराचे आहेत, पावसात पाय सरकतो, पकड असलेले बूट घाला. बाबागाडी ढकलणं जिकिरीचं आहे, लहान मूल पाठुंगळी घेतलेलं बरं. परतीला सर्वांत जवळचं स्टेशन पोंटिक्लुन. संध्याकाळच्या बसची वेळ टेकडी चढण्याआधीच पाहून ठेवा.