अँकी: सात महिने रोज वापरल्यावर

कॉलेज, प्रॅक्टिकल आणि अर्धवेळ नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला कुणी ना कुणी अँकी सुचवतंच: एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी कार्डं ठरावीक दिवसांनी परत विचारणारं ॲप. ॲप चांगलं आहे. फसतात ते बहुतेक जण नव्या कार्डांच्या आकड्यापाशी.

मूळ सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं असतात. पहिले दोन आठवडे हे अगदी हलकं वाटतं. पण नवं कार्ड सुरुवातीला थोड्या-थोड्या दिवसांनी परत येतं, आणि दोन-तीन महिन्यांत रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होऊन बसते. म्हणजे २० नव्यांमागे १५० ते २०० कार्डं. एका कार्डाला ८-९ सेकंद धरले तरी वीस ते तीस मिनिटं गेली. रोज दहाच मिनिटं निघत असतील तर आकडा ८ वर आणा, परीक्षेच्या किंवा जास्तीच्या शिफ्टच्या आठवड्यात सरळ ० करा. उजळणी मात्र चुकवू नका. आज टाळलेलं नवं कार्ड उद्याही नवंच असतं, टाळलेली उजळणी उद्याच्या ढिगात भर घालते.

ढीग साचलाच, समजा ६०० कार्डं, तर डेक, म्हणजे कार्डांचा संच, नव्याने सुरू करायचा मोह आवरा. नवी कार्डं ०, उजळणीची मर्यादा ८०, आणि ढीग उतरेपर्यंत तेवढंच.

२०२३ च्या शेवटी आलेली एफएसआरएस ही वेळापत्रकाची पद्धत आधी चालू करा. ती मुळात बंद असते. त्यात 'डिझायर्ड रिटेन्शन' ०.९० असतं, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता ९० टक्के. हौसेने ०.९७ केलं की कार्डं फार लवकर-लवकर परत येतात आणि रोजचं काम कित्येक पटींनी वाढतं. वेळ कमी असेल तर ०.८५ ने काही बिघडत नाही. तुमच्या उजळणीच्या नोंदींवरून वेळापत्रक जुळवून घेणारं 'ऑप्टिमाइझ' बटण महिन्यातून एकदा दाबलं की पुरे.

आता उत्तर पाहिल्यावर दाबायच्या बटणांचं. उत्तर आठवलं नाही तर 'अगेन', दुसरं काही नाही. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवलं. विसरलेल्या कार्डावर मन राखायला 'हार्ड' दाबत गेलात तर ॲप समजतं की आठवतंय, आणि दिवसांचं अंतर वाढवत नेतं. 'पाठ होतं, तरी पेपरात आठवलं नाही' या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

कार्ड लिहिणं हा खरा अभ्यास, आणि तिथेच सगळ्यात जास्त आळस होतो. 'प्रकाशसंश्लेषण समजावून सांगा' हे कार्ड निकामी, कारण अर्धं उत्तर आलं तर कुठलं बटण दाबायचं हेच कळत नाही. 'प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठल्या रेणूतून येतो?' याला एकच उत्तर: पाण्याच्या. रिकाम्या जागेची, म्हणजे क्लोझ कार्डं झटपट बनतात, पण पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं डकवलं की महिन्याभरात वाक्याचा आकार पाठ होतो, आशय नाही. वाक्य मोडून स्वतःच्या शब्दांत लिहा. तेच कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्यावर 'लीच' असा टॅग लावतं. अशा कार्डाशी झटापट करू नका, त्याची दोन कार्डं करा किंवा काढून टाका. दुसऱ्याचे तयार डेक शब्दसंग्रहाला ठीक, बाकी विषयांत न समजलेलं पाठ करायची सोय.

गणितं आणि निबंधवजा उत्तरं यांना हे ॲप पुरत नाही. गणितासाठी फार तर 'इथे कुठली पद्धत आणि का?' असं कार्ड करावं, सोडवायचं वहीतच.

मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे वापरत असाल तर उठताना सिंक करा. कधी ॲप 'अपलोड की डाउनलोड' विचारतं. चुकीचं निवडलं तर एका बाजूचं काम पुसलं जातं, म्हणून आधी डेक एक्स्पोर्ट करून ठेवा. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. दिसायला मात्र रुक्षच.