वेकबोर्डिंग: ५० फुटी दोर की ७० फुटी?

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून फळीवर उभं राहायचं आणि बोटीमागच्या एका लाटेवरून दुसरीच्या पलीकडे उडी मारायची. बोटीच्या मागे दोन बाजूंना उठणाऱ्या या लाटा बोटीजवळ एकमेकींना चिकटून असतात आणि मागे जाताना फाकत जातात. दोराच्या लांबीचा सगळा प्रश्न इथेच आहे.

५० फुटांच्या आसपास दोन लाटांमधलं अंतर कमी असतं. वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर ठेवला तरी नवशिक्याला पलीकडच्या उतारावर उतरता येतं. बोट जवळ असल्याने ओढ थेट मिळते, पाण्यातून उठून उभं राहणंही सोपं जातं. पण उडी लहान, हवेतला वेळ तुटपुंजा.

७० फुटांवर हवेत गिरकी घ्यायला सवड मिळते. त्यासाठी वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटर हवा. बोट संथ असेल तर इतक्या मागे लाटेचा माथा ढासळून फेसाळतो आणि उसळीच मिळत नाही. शिवाय उडी अपुरी पडली, तर दोन लाटांमधल्या सपाट पाण्यावर आपटून गुडघ्यांना हिसका बसतो. लांब दोर हौसेने घेणारे बहुतेक इथेच अडकतात.

माझं मत विचाराल तर ५०चाच घ्या, अगदी मित्र हसले तरी. पलीकडचा उतार दर वेळी सहज ओलांडला जाऊ लागला की ५ फूट वाढवा, आणि त्याबरोबर वेगही थोडा. सुटे तुकडे जोडता येणारा दोर असेल तर दुसरा विकत घ्यावा लागत नाही. फक्त तो न ताणणारा हवा. ट्यूबिंगचा, म्हणजे बोटीमागे फुगवलेली ट्यूब ओढायचा, लवचीक दोर इथे कामाचा नाही.