कोळणींची मुलाखत: पुळणीवर की पडद्यावर?

दोन्ही तऱ्हा करून झाल्यात. हर्णै बंदरात संध्याकाळचा लिलाव चालतो तेव्हा पाय ओल्या वाळूत, नाकात मासळीचा वास. मी पाटी उचलायला गेलो तर मावशी हसल्या, "राहू दे, कंबर धरेल." कंबरदुखीचा विषय तिथूनच निघाला, माझ्या प्रश्नावलीत तो नव्हताच.

व्हिडिओ कॉलवर मावशी गळ्यापर्यंतच. कोळंबी सोलणारे हात चौकटीबाहेर, नुसती सालांची चरचर ऐकू येते. "हात दाखवता का?" म्हटल्यावर त्यांनी फोन खाली वळवला. बर्फाने चिरलेली बोटं, अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी. बंदरावर इतक्या जवळून बघायला मी धजलो नसतो. इकडे माझी मान अवघडलेली आणि डोळे सारखे पडद्यावरच्या माझ्याच तोंडाकडे. (तो चौकोन लपवता येतो. लपवाच.)

गप्प बसण्याचं मात्र ऑनलाइन काही खरं नाही. मावशी गहिवरल्या की रेंज गेली, कळायला मार्ग नाही.

खर्चात कॉल स्वस्त, वाद नाही. तरी पहिली भेट मी बंदरावरच घेईन, पुढच्या फोनवर. १ जूनला मासेमारी बंदी लागली की त्यांनाही जरा सवड मिळते.