हार्डवेअर वॉलेट बंद पडलं, चोवीस शब्द हाताशी होते, तरी सोलाना शून्य

माझ्या हार्डवेअर वॉलेटची, म्हणजे क्रिप्टोच्या गुप्त की जपणाऱ्या छोट्या उपकरणाची, वॉरंटी संपली आणि काही आठवड्यांत स्क्रीन गेली. बटणं चालतात, आतली चिप शाबूत आहे, पण स्क्रीनशिवाय सही करायची, म्हणजे व्यवहार मंजूर करायचा, कसा? कंपनीचं उत्तर एका ओळीचं: दुरुस्ती होत नाही, नवं घ्या. कस्टम ड्युटी भरून मागवलेल्या वस्तूची साधी स्क्रीन बदलून मिळू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

पैसे सुरक्षित होते, कारण ते त्या उपकरणात नसतातच, ते ब्लॉकचेनवर असतात; उपकरणात फक्त की असते. मी दुसऱ्या कंपनीचं स्वस्तातलं घेतलं आणि चोवीस शब्द, म्हणजे सगळ्या की पुन्हा तयार करणारा बॅकअप, भरले. बिटकॉइन लगेच दिसलं, इथेरियमही. सोलाना या तिसऱ्या क्रिप्टोची शिल्लक मात्र शून्य! घशाला कोरड पडली.

शब्द तेच असले तरी प्रत्येक नेटवर्कची की वेगळ्या डेरिव्हेशन पाथने निघते, म्हणजे शब्दांपासून कीपर्यंत नेणाऱ्या आकड्यांच्या साखळीने. त्यात इथेरियमचा आकडा ६०, सोलानाचा ५०१, इथपर्यंत सगळे एकमताने चालतात. पुढे कुणी ४४/५०१/० वर थांबतं, कुणी आणखी एक शून्य जोडतं. तेवढ्यानं पत्ता पूर्ण बदलतो. पाथ निवडू देणारं सॉफ्टवेअर नव्या उपकरणाला जोडलं, जुना पाथ लावला, तेव्हा शिल्लक दिसली. खोक्यात शब्द लिहायला कार्डं देतात, त्यावर पाथसाठी एक ओळ छापायला काय जातं? माझ्या मते ही सर्वांत मोठी त्रुटी आहे, तुटलेल्या स्क्रीनहूनही मोठी. आता प्रत्येक नेटवर्कचा पाथ आणि पहिला पत्ता मी शब्दांपासून वेगळ्या कागदावर लिहून ठेवलाय.

शब्द जपायला स्टीलच्या महागड्या पट्टीची गरज नाही. हे शब्द ज्या ठरावीक इंग्रजी यादीतून येतात, तिच्यातल्या २०४८ शब्दांपैकी प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, त्यामुळे साध्या पत्र्यावर पंचने तेवढीच ठोकली.

स्वस्त उपकरणावर पहिले दोन महिने खूश होतो, आता तितका नाही. इथेरियमच्या कॉन्ट्रॅक्टवर (नेटवर्कवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामवर) सही करताना त्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर नुसता हॅश येतो, म्हणजे काहीच न कळणारी अक्षरं-आकड्यांची ओळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तिथे सही करणाऱ्यांना संगणकावर व्यवहार बरोबर दिसत होता, सही मात्र दुसऱ्याच व्यवहारावर झाली. म्हणून ब्लाइंड सायनिंग, म्हणजे तपशील न दिसता सही करणं, बंदच ठेवतो आणि साधे ट्रान्सफर तेवढे करतो.

जुन्याला एक तारा, नव्याला तीन. नवं घेणाऱ्यांनी आधी थोडीशी रक्कम टाकावी, उपकरण रीसेट करावं, शब्दांवरून प्रत्येक नेटवर्क परत येतंय का ते बघावं आणि मगच बाकीचे पैसे हलवावेत.